जॅक जॉन्सन : ठोसा, लग्न आणि वर्णरेषा

१८७३ साली महात्मा जोतीराव फुल्यांनी आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. त्यानंतर पाचच वर्षांनी, ३१ मार्च १८७८ रोजी, टेक्सास राज्यातील गॅल्व्हेस्टन या बंदराच्या गावी जॅक जॉन्सन जन्माला आला. त्याचे आईबाप दोघेही गुलामगिरीतून सुटलेले. कायद्याने गुलामगिरी संपली होती. बाप शाळेत झाडलोट करीत होता आणि पोरगा थोडेफार शिकून गोदीवर हमालीला जाऊ लागला. फुल्यांनी ज्या मुक्तीचा गौरव केला तिचे पुढे काय झाले, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने या माणसाचे चरित्र जरूर पाहावे. १९०८ ते १९१५ या काळात तो मुष्टियुद्धातील हेवीवेट जगज्जेता होता. त्या पदावर पोहोचलेला तो पहिला काळा माणूस.

आपल्या चळवळीला मुहम्मद अली चांगला ठाऊक आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीच मुळी अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. काळ्यांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. जॉन्सनचे नाव मात्र आपल्या लेखना-भाषणांत क्वचितच येते. याचे कारण मला असे दिसते की तो सोयीचा नायक नाही. तो संघटनेचा माणूस नव्हता, त्याने जाहीरनामा काढला नाही, आणि त्याच्या खाजगी आयुष्यात लाज वाटावी अशा गोष्टी आहेत. त्या मी झाकणार नाही. मला येथे एकच प्रश्न विचारावयाचा आहे. गोऱ्या समाजाने या माणसाला नेमकी कशाची शिक्षा दिली?

प्रथम त्या पदाचा अर्थ लक्षात घेतला पाहिजे. हेवीवेट गटात वजनाला वरची मर्यादा नसते. म्हणजे त्या गटाचा जगज्जेता हा जगातील सर्वांत बलवान माणूस, अशी लोकांची समजूत होती. असे पद काळ्याच्या हाती जाऊ द्यावयाचे नाही, हा अलिखित नियम होता. यालाच वर्णरेषा म्हणत. जॉन सुलिव्हन या गोऱ्या जगज्जेत्याने आपण काळ्याशी लढणार नाही, असे उघड जाहीर केले होते. पीटर जॅक्सन हा काळा मुष्टियोद्धा त्याच्या मागे वर्षानुवर्षे धावला. जॅक्सनने १८९१ साली सॅन फ्रान्सिस्कोत जेम्स कॉर्बेटशी एकसष्ट फेऱ्या झुंज दिली आणि ती अनिर्णित राहिली. पुढच्याच वर्षी सुलिव्हनला हरवून कॉर्बेट जगज्जेता झाला; जॅक्सनला संधी कधीच मिळाली नाही. तो १९०१ साली क्षयाने मेला.

याचा अर्थ काळ्यांना रिंगणात प्रवेशच नव्हता असा नाही. पाच-सहा काळ्या पोरांना एकाच वेळी रिंगणात सोडायचे, कधी त्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधायच्या, शेवटी उभा राहील त्याच्यापुढे नाणी फेकायची, हा गोऱ्यांचा आवडता करमणुकीचा प्रकार होता. जॉन्सनही अशा झुंजींतून गेला. पुढे काळ्यांसाठी निराळे अजिंक्यपद काढण्यात आले होते, तेही त्याने १९०३ साली मिळवले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली 'वेगळे पण समान' हे तत्त्व मान्य केले होते. वेगळा डबा, वेगळी शाळा, तसेच हे वेगळे अजिंक्यपद. गावाला एक पाणवठा आणि महारवाड्याला दुसरा, हे पाहिलेल्या माणसाला या तत्त्वाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

एक घटना येथे सांगितली पाहिजे. १९०१ साली गॅल्व्हेस्टनमध्ये जो चॉयन्स्की या अनुभवी ज्यू मुष्टियोद्ध्याने जॉन्सनला तिसऱ्या फेरीत आडवे केले. टेक्सासमध्ये अशा लढतींना बंदी असल्यामुळे दोघांनाही अटक झाली आणि काही आठवडे ते एकाच तुरुंगात राहिले. तेथे चॉयन्स्कीने त्याला शिकवले. ठोसा मारण्यापेक्षा ठोसा चुकवणे, हात अडकवणे, समोरच्याला दमवणे, ही पुढे जॉन्सनची खासियत ठरली. जॉन्सन रानटी ताकदीवर जिंकत नव्हता, बुद्धीने जिंकत होता. काळ्याकडे अंगबळ असते आणि डोके नसते, हा वर्णवाद्यांचा आवडता सिद्धान्त. तो जॉन्सनने रिंगणात खोटा पाडला. म्हणूनच तो अधिक झोंबला.

१९०६ साली टॉमी बर्न्स हा कॅनडाचा गोरा जगज्जेता झाला. जॉन्सन त्याच्या मागे इंग्लंडला गेला, तेथून ऑस्ट्रेलियाला गेला. अखेर ह्यू मॅकिन्टॉश या व्यावसायिकाने बर्न्सला तीस हजार डॉलर देऊ केले आणि बर्न्सची तत्त्वनिष्ठा विरघळली. जॉन्सनला पाच हजार मिळणार होते. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी येथे लढत झाली. चौदाव्या फेरीत बर्न्सची अवस्था अशी झाली की पोलिसांनी मध्ये पडून लढत थांबवली. चित्रपटाचे कॅमेरेही त्याच वेळी बंद करण्यात आले. काळ्याने गोऱ्याला शेवटचे कोसळवलेले पडद्यावर दिसू नये, ही त्यामागची काळजी.

त्या लढतीला कादंबरीकार जॅक लंडन वार्ताहर म्हणून हजर होता. स्वतःला समाजवादी म्हणवणाऱ्या या लेखकाने निवृत्त गोरा जगज्जेता जेम्स जेफ्रीज याला हाक दिली, की शेतावरून परत ये आणि या काळ्याच्या चेहऱ्यावरचे सोनेरी हसू पुसून टाक. जॉन्सनने सोन्याचे दात बसवले होते आणि लढता लढता तो हसे. वर्गलढ्याची भाषा बोलणारा माणूस वर्णाचा प्रश्न आला की कोठे उभा राहतो, हे आपणही पुष्कळदा पाहिले आहे. 'गोऱ्यांची आशा' हा शब्दप्रयोग तेव्हापासून रूढ झाला.

जेफ्रीज परतला. ४ जुलै १९१०, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, ही तारीख ठरली. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने परवानगी नाकारल्यामुळे लढत नेवाडातील रेनो या गावी हलवावी लागली. बक्षिसाची रक्कम एक लाख एक हजार डॉलर होती. लढतीपूर्वी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अग्रलेखात भीती व्यक्त केली होती की हा काळा जिंकला तर त्याचे हजारो अडाणी भाऊबंद त्या विजयाचा चुकीचा अर्थ लावतील आणि शारीरिक बरोबरीपेक्षा अधिक कशावर तरी हक्क सांगू लागतील. या अग्रलेखकाचे मला आभार मानावेसे वाटतात. व्यवस्था कशाला भिते, हे तिच्या शत्रूंपेक्षा तिचे राखणदारच अधिक स्पष्ट सांगतात. ठोशाची बरोबरी एकवेळ चालेल. त्यापुढची बरोबरी नको.

पंधराव्या फेरीत जेफ्रीज संपला. सबंध कारकिर्दीत जो कधी खाली पडला नव्हता, तो त्या दिवशी पुन्हा पुन्हा पडला. ही बातमी तारेने पसरली तशी अमेरिकेतील अनेक शहरांत काळ्यांवर हल्ले सुरू झाले. दहाहून अधिक माणसे ठार झाली आणि त्यांत बहुसंख्य काळे होते. हे काळे कोणाशी मुष्टियुद्ध खेळले नव्हते. ते आनंदले होते, एवढाच त्यांचा गुन्हा. आपल्याकडे गावात जयंतीची मिरवणूक निघाली, वस्तीतल्या पोराने घोड्यावरून वरात काढली की दगड येतात. आनंद उघडपणे व्यक्त करणे हा बरोबरीचाच दावा असतो, आणि मारणाऱ्याला ते बरोबर कळलेले असते.

त्यानंतर पडद्यावरची लढाई सुरू झाली. रेनोच्या लढतीच्या चित्रपटावर अनेक शहरांनी व राज्यांनी बंदी घातली. १९१२ साली अमेरिकेच्या संसदेने कायदाच केला की मुष्टियुद्धाचे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेता येणार नाहीत. हा कायदा १९४० पर्यंत टिकला. इंग्लंडातही तेच. १९११ साली लंडनमध्ये जॉन्सन आणि बिली वेल्स या गोऱ्या इंग्रजाची लढत ठरली होती. गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी ती बेकायदा ठरवून रोखली. साम्राज्यातील काळ्या-सावळ्या रयतेवर याचा काय परिणाम होईल, ही चिंता विरोधकांनी तेव्हा बोलून दाखवली होती. त्या रयतेत आपणही होतो.

त्याच १९११ च्या उन्हाळ्यात आपला एक माणूस इंग्लंडात खेळत होता. पाळवणकर बाळू, जातीने चांभार, डावखुरा फिरकी गोलंदाज. हिंदुस्थानच्या संघातून त्याने त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्याला असताना मैदानात त्याने टाकलेला चेंडू सवर्ण झेलत होते आणि चहाच्या वेळी त्याला बाहेर निराळ्या भांड्यात चहा मिळत होता. संघाचे कप्तानपद त्याला कधी दिले गेले नाही. बाळू आणि जॉन्सन यांचे स्वभाव दोन टोकांचे. बाळू शांत, संयमी, जॉन्सन उद्दाम. तरीही दोघांच्या अनुभवातून एकच नियम दिसतो. स्पर्शाला या व्यवस्थेची तक्रार नाही. मांगाच्या सुईणीने सवर्णाच्या पोराला या जगात आणले तेव्हा तिचा विटाळ झाला तरी चालला. काळ्या दाईच्या दुधावर गोऱ्यांची पोरे वाढली, तेही चालले. सेवेचा स्पर्श चालतो. बरोबरीचा स्पर्श चालत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. रिंगणात जॉन्सनला हरवणारा गोरा सापडत नव्हता. तेव्हा त्याला रिंगणाबाहेर पाडायचे ठरले, आणि त्यासाठी जे हत्यार निवडले गेले ते लग्नाचे होते. जॉन्सन गोऱ्या स्त्रियांबरोबर उघडपणे वावरत होता. १९११ साली त्याने एटा ड्युरिया हिच्याशी लग्न केले. सप्टेंबर १९१२ मध्ये तिने स्वतःवर गोळी झाडून घेतली. काळ्याशी लग्न केल्यामुळे तिला दोन्ही समाजांत घर उरले नव्हते. पण याच जॉन्सनने तिला मारहाणही केली होती, ती इस्पितळात पोहोचेपर्यंत. हे नमूद केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. स्त्रीवर हात उचलणारा माणूस शोषितांतला असला म्हणून ते कृत्य सौम्य होत नाही.

परंतु खटला भरला गेला तो या मारहाणीबद्दल नव्हे. ऑक्टोबर १९१२ मध्ये त्याला अटक झाली ती लुसिल कॅमेरॉन या गोऱ्या तरुणीच्या संदर्भात. तिने त्याच्याविरुद्ध साक्ष देण्यास नकार दिला आणि डिसेंबरमध्ये त्याच्याशी लग्न केले. मग सरकारने त्याची जुनी मैत्रीण बेल श्रायबर हिला साक्षीदार म्हणून उभे केले. १९१० चा मॅन कायदा हा स्त्रियांना वेश्याव्यवसायासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणाऱ्यांविरुद्ध होता. त्याचे अधिकृत नाव 'गोऱ्या गुलामांच्या व्यापाराचा कायदा'. गुलामांच्या पोटी जन्मलेल्या माणसावर गोऱ्या गुलामगिरीचा आरोप ठेवला गेला! जून १९१३ मध्ये शिकागोत, ज्यात एकही काळा नव्हता अशा ज्यूरीने त्याला दोषी ठरवले. एक वर्ष एक दिवसाची कैद आणि हजार डॉलर दंड. अपील चालू असतानाच तो कॅनडामार्गे फ्रान्सला निघून गेला.

लुसिलशी लग्न झाल्याबरोबर काय झाले ते पाहा. जॉर्जियाचे प्रतिनिधी सीबॉर्न रॉडेनबेरी यांनी त्याच डिसेंबरात, काळ्या-गोऱ्यांच्या विवाहावर देशभर कायमची बंदी घालणारी घटनादुरुस्ती संसदेत मांडली. ती संमत झाली नाही. अशा विवाहांना तेव्हा तीसच्या आसपास राज्यांत आधीच बंदी होती. उरलेल्यांपैकी अनेक राज्यांत नवी विधेयके आली. डॉ. डु बॉईस यांनी 'क्रायसिस' या मासिकातून त्यांना कडाडून विरोध केला. त्यांचा एक मुद्दा आपण विसरू नये. असे कायदे झाले तर गोऱ्या पुरुषाच्या वासनेपुढे काळी मुलगी पूर्ण असहाय होईल, कारण तिच्याशी लग्न करण्याची जबाबदारी कायदाच त्याच्यावरून काढून टाकील. वर्णशुद्धीचा कायदा संकर थांबवीत नाही. तो वरच्या पुरुषाला मोकळा सोडतो आणि खालच्या पुरुषाला फासावर नेतो.

जॉन्सन युरोपात उतरला तो जुलै १९१३ मध्ये. त्याच महिन्यात एक बावीस वर्षांचा भारतीय विद्यार्थी कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोहोचला. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. बाबासाहेबांच्या डोळ्यांपुढे जॉन्सनचा खटला होता, असा दावा मी करीत नाही. परंतु ९ मे १९१६ रोजी त्यांनी तेथे जातिसंस्थेवर जो निबंध वाचला त्याचा गाभा काय? जातीचे मर्म ना व्यवसायात आहे ना विटाळात; ते आहे जातीअंतर्गत विवाहाच्या सक्तीत. ही सक्ती टिकवण्यासाठीच सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी आल्या, असे त्यांनी दाखवून दिले. वीस वर्षांनी, १९३६ साली, 'जातिनिर्मूलना'त त्यांनी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला आणि त्याच्या आड येणाऱ्या शास्त्रांचे पावित्र्य मोडा, असे बजावले. जॉन्सनची कथा या सूत्राच्या उजेडात वाचली की तिच्यातील गुंता सुटतो. व्यवस्थेने त्याचा ठोसा सोसला. त्यासाठी ती दुसरा पैलवान शोधत बसली. लग्नासाठी मात्र तिने पोलीस, न्यायालय आणि संसद यांना कामाला लावले.

हद्दपारीत जॉन्सनने पॅरिसमध्ये आपले पद राखले. येथेही एक कडू सत्य आहे. सॅम लँगफर्ड, जो जेनेट, सॅम मॅकव्हे हे त्या काळचे नामांकित काळे मुष्टियोद्धे. जगज्जेता झाल्यावर जॉन्सनने त्यांच्यापैकी एकालाही पदासाठी लढू दिले नाही. गोऱ्यांशी लढण्यात पैसा अधिक होता. जी रेषा ओलांडून तो आत गेला, तिच्या आत गेल्यावर दार त्यानेही लावून घेतले. सात वर्षांत पदासाठी तो एकाच काळ्याशी, जिम जॉन्सनशी, १९१३ साली लढला. आत पोहोचलेला एक माणूस म्हणजे समाजाची मुक्ती नव्हे, हे आपल्याकडच्या राखीव मतदारसंघांतून आणि साहेबांच्या केबिनमधून आपणही शिकलो आहोत.

५ एप्रिल १९१५ रोजी हवाना येथे जेस विलार्ड या गोऱ्याने सव्विसाव्या फेरीत त्याला पाडले. जॉन्सन तेव्हा सदतीस वर्षांचा होता. १९२० साली तो अमेरिकेत परतून शरण आला आणि लेव्हनवर्थच्या तुरुंगात शिक्षा भोगून १९२१ साली सुटला. पुढची पंचवीस वर्षे त्याने प्रदर्शनी लढती, नाटकी तमाशे असे मिळेल ते करून काढली. १० जून १९४६ रोजी नॉर्थ कॅरोलिनात मोटार अपघातात तो मेला. एका उपाहारगृहात काळा म्हणून नीट वागणूक न मिळाल्याने तो संतापाने भरधाव निघाला होता, असे सांगितले जाते.

त्याच्यानंतर बावीस वर्षे एकाही काळ्याला हे पद मिळू दिले गेले नाही. १९३७ साली जो लुईसला ते मिळाले तेव्हा त्याच्या व्यवस्थापकांनी त्याला नियम घालून दिले होते. गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढायचे नाही. हरलेल्या गोऱ्यावर हसायचे नाही. थोडक्यात, जॉन्सन व्हायचे नाही. लुईसने ते सारे पाळले, सैन्यात गेला, देशासाठी लढती करून पैसा दिला. अखेरीस करांच्या थकबाकीत बुडून तो लास व्हेगासच्या जुगारगृहात पाहुण्यांचे स्वागत करीत उभा राहिला. 'चांगला काळा' होण्याचे बक्षीस हे!

मग १९६७ साली मुहम्मद अलीने व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जाण्यास नकार दिला आणि त्याचेही पद हिरावले गेले. जॉन्सनच्या जीवनावरचे 'द ग्रेट व्हाइट होप' हे नाटक पाहून ही आपलीच कथा आहे, असे अली म्हणाला होता. मात्र अलीच्या पाठीशी एक चळवळ होती आणि १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाला त्याची शिक्षा रद्द करावी लागली. जॉन्सनच्या पाठीशी असे कोणी नव्हते. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी तर खटल्याच्या वेळी त्याचा जाहीर निषेध केला. त्याच्यामुळे समाजाची बदनामी होते, हे त्यांचे म्हणणे. डु बॉईस यांनी १९१४ साली वेगळी भूमिका घेतली. मुष्टियुद्ध हा काही थोर व्यवसाय नाही हे त्यांनी मान्य केले. पण गोऱ्या मुष्टियोद्ध्यांचे असेच वर्तन ज्यांना खपते, त्यांना जॉन्सनचे खपत नाही याचे कारण त्याचा काळेपणा आहे, हे त्यांनी स्वच्छ सांगितले.

या दोन भूमिकांमधली निवड आपल्यापुढेही आहे. गावात नवे कपडे घालणाऱ्या, मिशी ठेवणाऱ्या, मान वर करून बोलणाऱ्या पोराला 'माजलाय' म्हणतात. जॉन्सनचा अपराध या एका मराठी शब्दात सांगता येतो. वेगवान मोटारी, उंची कपडे, सोन्याचे दात, ते हसू, आणि गोरी बायको. असा पोरगा मारला गेला की आपल्यातलेच काही शहाणे विचारतात, त्याचे वागणे कसे होते? नगर जिल्ह्यात सोनईला २०१३ साली आणि खर्ड्याला २०१४ साली आंतरजातीय प्रेमाच्या वा त्याच्या नुसत्या संशयावरून दलित तरुणांचे खून झाले, तेव्हाही ही कुजबूज झाली. माझे म्हणणे असे की हक्कासाठी चारित्र्याचा दाखला मागणे बंद केले पाहिजे. जॉन्सनने बायकोला मारले याबद्दल त्याचा निषेध करावा. त्याने लग्न केले याबद्दल त्याला एक दिवसही तुरुंगात ठेवता कामा नये होते. या दोन गोष्टी एकाच वेळी म्हणता आल्या पाहिजेत. वीरपूजेत पहिली हरवते, वॉशिंग्टन यांच्या शहाणपणात दुसरी.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली काळ्या-गोऱ्या विवाहावरील बंद्या घटनाबाह्य ठरवल्या. जॉन्सनला माफी मिळाली २४ मे २०१८ रोजी, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या सहीने, मृत्यूनंतर बहात्तर वर्षांनी. अनेकांनी त्याचे स्वागत केले. मला तो शब्द खटकतो. माफी अपराध्याला दिली जाते. ज्या राज्यसंस्थेने एका माणसाच्या लग्नाविरुद्ध आपली सारी यंत्रणा वापरली, तिने माफी द्यायची नसते, मागायची असते.